पाळक महिन्यातून एकदा, मंडळी रोजची

चार वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या मंडळीतले एक म्हातारे बाबा पहाटे वारले. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, ख्रिस्ती घरं १८. पाळक साहेब तालुक्याच्या ठिकाणी राहतात, आमच्यापासून ३८ किलोमीटरवर, आणि त्यांच्याकडे आमच्यासारखी सात गावं. फोन लागला तेव्हा ते दुसऱ्या टोकाच्या गावात होते आणि मधल्या नाल्याला पूर होता. दुपारी बारापर्यंत खड्डा खणून झाला, पेटी तयार झाली. तरी मयत संध्याकाळपर्यंत ओसरीतच होतं, कारण विधी कोणी करायचा हे ठरेना. उपासनेचं पुस्तक त्याच घरात पत्र्याच्या पेटीत होतं. संडेस्कूल घेणाऱ्या बाईंना दफनविधीतली वचनं तोंडपाठ. पण कुणी पुस्तक काढलं नाही. "आपल्याले कुठी अधिकार हाय?" एवढंच जो तो म्हणत होता. शेवटी पाळक साहेब मोटारसायकल नाल्यापलीकडे ठेवून, गुडघ्यापर्यंत चिखलात पायी आले. मोबाइलच्या उजेडात माती दिली.

पाळक साहेबांना मी दोष देत नाही. सात गावं, एक गाडी, एक जीव. पण त्या घरातली सून दिवसभर मयताशेजारी बसून दाराकडे पाहत होती, ते अजून डोळ्यापुढून जात नाही. म्हणून हा लेख.

आमच्या सभासंमेलनांत दोन शब्द नेहमी येतात: नेतृत्वाचं विकेंद्रीकरण आणि मंडळी स्थापना. ठराव होतात, टाळ्या पडतात. गावात परत आल्यावर कुणी विचारलं, "म्हणजे आता करायचं काय?" तर सगळे एकमेकांकडे पाहतात.

विकेंद्रीकरण समजायला ग्रामपंचायत डोळ्यापुढे आणावी. १९९२ साली ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि पंचायतींना घटनेत जागा मिळाली. गावची कामं गावाने ठरवावी, हा त्यामागचा विचार. पण खेड्यात राहणाऱ्या प्रत्येकाला हेही ठाऊक आहे की काम सोपवलं आणि त्यासोबत निधी, माणूस आणि ते करायची समज दिली नाही, तर सरपंच नुसता सह्या करतो. मंडळीतही हेच घडतं. एखाद्याला "वडील" म्हणून, म्हणजे मंडळीचा जबाबदार ज्येष्ठ म्हणून निवडायचं, पुढच्या रांगेत बसवायचं आणि प्रत्येक गोष्टीसाठी "साहेबांना विचारून सांगतो" असंच त्याच्याकडून वदवून घ्यायचं, याला विकेंद्रीकरण म्हणत नाहीत. जे काम गावात होऊ शकतं ते करायची मोकळीक, त्याचं शिक्षण आणि त्याचा जाब, तिन्ही गोष्टी गावात राहणाऱ्या माणसांकडे आल्या, तरच काही बदललं म्हणायचं.

मंडळी स्थापनेचा अर्थ आपल्याच भाषेत दडलेला आहे. "घरची मंडळी", "जेवायला बसलेली मंडळी" असं आपण रोज म्हणतो. विटासिमेंटला कुणी मंडळी म्हणत नाही. तरी "त्या गावात मंडळी सुरू करू" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "जागा कुठाय? स्लॅबचे पैसे कोण देणार?" पाच-सात घरं एकत्र येऊन नियमाने प्रार्थना करतात, वचन शिकतात, एकमेकांची काळजी घेतात, आपल्यातूनच चालवणारी माणसं उभी करतात आणि इतर मंडळ्यांशी बांधलेली राहतात, तेव्हा मंडळी स्थापन झाली. छप्पर मग होईल, नाहीतर होणारही नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल सलाम सांगतो. तंबू शिवून पोट भरणारं जोडपं होतं ते.

हा विचार काही नवा नाही. निर्गमाच्या १८ व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसतो आणि लोक रांगेत ताटकळतात. सासरा इथ्रो पाहुणा म्हणून येतो, एक दिवस बघतो आणि सांगतो की अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. लहान तंटे ते सोडवतील, मोठे तुझ्याकडे येतील. आमच्या श्रावणातल्या त्या दिवशी दहांवर नेमलेला माणूसच नव्हता. दहांपासून थेट हजारांवर उडी.

प्रेषितांच्या कृत्यांत १४ व्या अध्यायात तर मला अजूनही चकित करणारी गोष्ट आहे. पौल आणि बर्णबा लुस्त्र, इकुन्या या गावांतून परत फिरताना प्रत्येक मंडळीत वडील नेमतात, उपास आणि प्रार्थना करून त्यांना प्रभूच्या हाती सोपवतात आणि पुढे निघतात. त्या मंडळ्या किती जुन्या? पहिल्याच फेरीत उभ्या राहिलेल्या. आमच्याकडे शंभर वर्षं जुन्या मंडळीतल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीलाही "अजून तयारी नाही" असं ऐकावं लागतं.

चीनमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी रोलंड ॲलन यांनी १९१२ साली नेमकं यावरच बोट ठेवलं. पौलाने दहा-एक वर्षांत चार प्रांतांत मंडळ्या उभ्या केल्या आणि त्या स्थानिकांच्या हाती देऊन तो मोकळा झाला. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांना हाताला धरूनच ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रुफस अँडरसन हे दोन मिशन-चिटणीस एकाच निष्कर्षाला आले होते: मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी. अँडरसन १८५४-५५ मध्ये अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनची पाहणी करायला आले होते आणि खेड्याखेड्यांत देशी पाळकांच्या हाताखाली मंडळ्या व्हाव्यात असा त्यांचा आग्रह होता. पावणेदोनशे वर्षं होत आली.

आपल्या माणसांनीही हे बोलून आणि करून दाखवलं. १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली, ती भारतीय माणसं, भारतीय पैसा आणि भारतीय नेतृत्व या तत्त्वावर. तिच्या पायाभरणीत असलेले व्ही. एस. अझरया १९१२ साली डोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. बल्लारशाहून विजयवाड्याकडे जाणारी गाडी याच डोर्नकल जंक्शनवरून जाते. तिथलं काम वाढलं ते खेड्यापाड्यांत राहणाऱ्या साध्या शिक्षकांच्या जोरावर. आणि आपले नारायण वामन टिळक? त्यांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ उभा करायला घेतला. त्यांचे अभंग आपण दर रविवारी गातो, पण त्यांनी पगार का सोडला हे तरुण संघातल्या पोरांना कुणी सांगत नाही.

आता जरा कारभाराच्या रचनेबद्दल, कारण "आमच्या पंथात असं चालत नाही" हे वाक्य इथूनच येतं. ख्रिस्ती पंथांत कारभाराच्या ढोबळमानाने तीन रीती. एकीत बिशप प्रमुख आणि त्यांच्याकडून अधिकार खाली येतो. दुसरीत पाळक आणि वडील यांची सभा निर्णय घेते. तिसरीत प्रत्येक स्थानिक मंडळी आपला निर्णय आपण घेते. या तिन्ही रीतींचे लोक एकत्र आले ते आपल्या विदर्भातच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या. बिशपचं पद राहिलं, पण घटनेच्या चौकटीत. सिनॉड म्हणजे सगळ्यात वरची सभा, धर्मप्रांत म्हणजे एका बिशपचा भाग आणि स्थानिक पंचकमिटी यांनाही आपापली जागा मिळाली. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो. विकेंद्रीकरण म्हणजे बिशपविरुद्ध बंड, असं काहींना वाटतं. तसं मुळीच नाही. कोणत्याही रीतीत गावात राहणाऱ्या माणसाला काम देता येतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मेथडिस्टांचं आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. कुणीतरी म्हणालं, गरिबांना जमणार नाही. तेव्हा एक जण उठून म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. वसुलीला घरोघर फिरू लागल्यावर लक्षात आलं की कोण आजारी आहे, कुणाचं घरात भांडण चाललंय, कोण परत दारूकडे वळलंय. पैसे राहिले बाजूला आणि बारा-बारा जणांचे गट, त्यांना एकेक पुढारी, अशी रचना झाली. तो पुढारी चांभार असेल, विणकर असेल. दीक्षा मिळालेला पाळक नव्हता, पण दर आठवड्याला दारात उभा राहणारा माणूस होता.

गावाकडे काय देता येईल आणि काय नाही, इथे गोंधळ फार होतो. रविवारची उपासना, वचन सांगणं, संडेस्कूल, घरसभा, आजाऱ्याकडे जाणं, माती देणं, बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची तयारी, रोजच्या खर्चाचा हिशेब हे सगळं शिकवून तयार केलेल्या गावकऱ्यांकडे आजपासून देता येतं. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन कोणी द्यायचं हे प्रत्येक पंथाच्या नियमावर अवलंबून. ते नियम मोडा असं मी कधीच म्हणणार नाही. लग्नाचं मात्र वेगळं आहे, तिथे देशाचा कायदा येतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे बिशपकडून दीक्षा मिळालेला पाळक, लायसन्स असलेला सेवक किंवा विवाह निबंधक अशाच ठरावीक व्यक्तींना लग्न लावता येतं. उत्साहाच्या भरात गावच्या वडिलांनी लग्न लावलं आणि उद्या त्या मुलीला दाखल्यासाठी, वारसासाठी फिरावं लागलं, तर ते पाप आपल्या माथी. जमिनीचंही तसंच. मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असेल तर ती विकायला महाराष्ट्राच्या १९५० च्या न्यास कायद्याचं ३६ वं कलम लागतं, धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ती गोष्ट वरच राहू द्यावी.

शिकवायचं कसं? यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. पण सेमिनरी यवतमाळात असती तरी वावर, दोन म्हशी आणि शाळेत जाणारी पोरं सोडून चार वर्षं वसतिगृहात कोण राहणार? ग्वाटेमालात प्रेसबिटेरियन सेमिनरीला हीच अडचण आली. जे खेड्यातले खरे पुढारी होते ते शहरात येऊ शकत नव्हते, आणि जी तरुण मुलं येत ती खेड्यात परत जात नसत. १९६३ मध्ये त्यांनी उलटं केलं. पुस्तकं घरी पाठवली, विद्यार्थ्याने शेत सांभाळून अभ्यास करायचा आणि आठवड्यातून एकदा शिक्षकाने जवळच्या ठिकाणी येऊन बसायचं. भारतात १९७१ पासून टॅफ्टी ही संस्था या पद्धतीने शिकवते. आमच्याकडे आम्ही याहून साधं केलं: बाजाराच्या दिवशी, बाजार आटोपल्यावर, दोन तास. तीन गावांचे सहा जण. सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग बंद. हे न पाळता वर्ग घेतला तर पहिल्या महिन्यातच रिकाम्या सतरंजीला शिकवावं लागतं.

सहा जणांत तीन बाया आहेत, आणि हे मी भांडून करून घेतलं. खेड्यातल्या कोणत्याही उपासनेत डोकी मोजा, निम्म्याहून जास्त पदर दिसतील. पूर्वी बायबल बाया पायी गावोगाव फिरल्या, घरात शिरल्या, लिहायला शिकवलं. त्यांच्या नाती आज पंचकमिटीच्या सभेत चहा देतात. मेळघाटात कोरकू घरांत किंवा गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या पाड्यात बाहेरून गेलेल्या पाळकाचं पुस्तकी मराठी म्हाताऱ्या बाईच्या काळजाला पोचत नाही. तिथे तिचीच लेक किंवा सून बोलली, तर पोचतं.

इथून नवी मंडळी कशी निघते ते सांगतो. आमच्या गावाहून ११ किलोमीटरवर एक वस्ती आहे. आमच्या मंडळीतल्या दोन मुली तिथे दिल्या आणि कामाच्या निमित्ताने आणखी तीन घरं तिकडे गेली. वर्षभर ते रविवारी आमच्याकडे यायचे, मग एस.टी.ची वेळ बदलली आणि येणं तुटलं. पाळक साहेबांच्या यादीत ते "गैरहजर" झाले. आम्ही ठरवलं की ते येत नाहीत तर आपण जाऊ. दर गुरुवारी संध्याकाळी दोघं जण जातात. कंदुरीसारखा थाट नाही, माइक नाही. एका ओट्यावर बसायचं, दोन भजनं, एक उतारा, प्रत्येकाची विचारपूस, प्रार्थना. तिसऱ्या महिन्यात आम्ही मुद्दाम उतारा वाचायचं काम तिथल्याच सुनेला दिलं. पहिल्यांदा तिचा आवाज कापत होता. आता तीच घेते सगळं. आम्ही महिन्यातून एकदा जातो.

शेजारी विचारतात, हे काय चाललंय? विचारणारच, आणि मोकळेपणाने सांगावं. घटनेचं २५ वं कलम धर्म पाळायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात हेही स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात नाही. मला ही मर्यादा ओझं वाटत नाही. आमिष दाखवून, भीती घालून जमवलेली गर्दी मंडळी होत नाही, आणि गावातली माणुसकी त्यात जाते ती परत येत नाही. पोळ्याला ज्यांच्या बैलांना आपण हात लावतो त्यांच्याशी आपल्याला उद्याही राहायचं आहे.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. समजा २० घरं आहेत आणि प्रत्येकाने आठवड्याला ५० रुपये दिले, तर महिन्याचे ४,००० होतात. एवढ्यात पाळकाचा संसार चालणार नाही. पण आपलं वावर कसून सेवा करणाऱ्या वडिलांचं पेट्रोल, पुस्तकं आणि एखाद्या आजाऱ्याची मदत यात निघते. म्हणूनच मी म्हणतो, पगारी पाळक नेमूनच नवी मंडळी सुरू करायची असं ठरवलं तर ती कधीच सुरू होणार नाही. बाहेरच्या पैशाची वाटही अरुंद झाली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावी लागते आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. शिवाय आपल्याकडे रोकड वर्षभर सारखी नसते. सोयाबीन दिवाळीच्या सुमाराला येतं, मग कापूस, मग तूर. मृग लागला की बियाणं-खतात सगळं जातं आणि हातात दमडी राहत नाही. अशा वेळी मिझोरामच्या बाया करतात ते करावं. त्या प्रत्येक स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. आमच्या महिला मंडळाने ज्वारी-तांदळाचा डबा ठेवला आहे. गेल्या आषाढात त्या डब्यावर एका विधवेचं घर दीड महिना चाललं.

धोके आहेत, आणि मला त्यांची काळजी वाटते. वरचा एक साहेब जाऊन गावात दुसरा साहेब तयार होणं हा पहिला. वडील एका भावकीचे, खजिनदार त्यांचा जावई, चावी त्यांच्या घरी. मग तक्रार करायची कुणाकडे? त्यामुळे एकटा माणूस नेमूच नये. निदान तिघे, वेगवेगळ्या घरांतले, तीन वर्षांसाठी. अर्पण उपासना संपल्यासंपल्या दोघांनी सगळ्यांसमोर मोजायचं, वहीत लिहायचं, दोन सह्या. आणि गावाबाहेरचा कुणीतरी वर्षातून दोनदा येऊन बाया-माणसांशी वेगवेगळं बोलणारा हवाच. दुसरा धोका चुकीच्या शिकवणीचा. प्रार्थना करा, जरूर करा. पण "विश्वास असेल तर टीबीच्या गोळ्या बंद कर" असं सांगणाऱ्याला त्याच दिवशी थांबवलं पाहिजे. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, हे मी आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो. म्हणजे पाळकाचं काम विकेंद्रीकरणाने कमी होत नाही, बदलतं. प्रत्येक गावात स्वतः उपदेश करण्याऐवजी उपदेश करणाऱ्यांना घडवणं, चूक दिसली की कान धरणं, खचला तर पाठीवर हात ठेवणं.

आमच्या पाळक साहेबांना सुरुवातीला हे जड गेलं. एकदा मला म्हणाले, "मास्तर, मग लोक मला कशाला विचारतील?" मी उत्तर दिलं नाही. गेल्या पावसाळ्यात गावात पुन्हा एक मयत झालं, रस्ता पुन्हा बंद. या वेळी संडेस्कूलच्या बाईंनी पेटीतून पुस्तक काढलं, फोनवर साहेबांना कळवलं आणि दुपारी दोनला माती झाली. साहेब तिसऱ्या दिवशी आले. त्या घरी दोन तास बसले, जेवले, म्हाताऱ्या आईला काय काय औषध चालू आहे ते विचारलं. निघताना दफनाची नोंदवही मागितली. बाईंची सही होती, तिच्याखाली त्यांनी आपली केली आणि बाईंना विचारलं, "गुरुवारी त्या वस्तीवर मी आलो तर चालेल का? मागे बसेन."